खोपींतला दिवा

मुंबईच्या वीजदिव्यांचा इतिहास सांगावयास बसलेला मनुष्य बहुधा क्रॉफर्ड मार्केटपासून आरंभ करतो, आणि तें योग्यच आहे. १८८२ सालीं ईस्टर्न इलेक्ट्रिक लाइट अँड पॉवर कंपनीनें म्युनिसिपालिटीशीं करार करून त्या बाजारांत व कांहीं रस्त्यांवर विजेचे दिवे लाविले. दुसऱ्याच वर्षीं कंपनीचें दिवाळें वाजलें आणि गॅसचे दिवे आपल्या जागीं परत आले. पुढें १९०५ सालीं मुंबईची वीज व ट्राम कंपनी निघाली, १९०७ च्या मे महिन्यांत विजेची ट्राम धांवूं लागली, आणि १९१५ च्या फेब्रुवारींत टाटांच्या जलविद्युत्योजनेचें उद्घाटन गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन ह्यांच्या हस्तें झालें. एकाहून एक मोठ्या दिव्यांची ही ओळ आहे आणि ती डोळे दिपविणारी आहे यांत शंका नाहीं. परंतु ह्या ओळींत कोठेंच न बसणारा एक लहानसा दिवा आहे. घरापासून पन्नास-शंभर पावलांवर वाडीच्या कडेला एक खोप असते. तींत कुदळी, फावडीं, खताचीं पोतीं, पाण्याचा पंप आणि फार तर एक बाज, एवढें सामान असतें. त्या खोपींतला हा दिवा. त्याचें उद्घाटन कोणी केलें नाहीं आणि त्याची तारीख कोणी लिहून ठेविली नाहीं. तरी विजेचा उजेड आपल्या समाजांत कोणाकडे आधीं गेला आणि कोणाकडे मागाहून गेला, हें ह्या एका दिव्यावरून जितकें स्पष्ट दिसतें तितकें क्रॉफर्ड मार्केटवरून दिसत नाहीं.

ही हकीकत सांगण्यास आम्हीं मिरा-भाईंदरचा मुलूख निवडला आहे. दहिसर मागें टाकून आगगाडी उत्तरेकडे निघाली म्हणजे साष्टीचें उत्तर टोंक येतें. पूर्वेस घोडबंदर व काशी-मिऱ्याकडचे डोंगर, उत्तरेस वसईची खाडी, आणि पश्चिमेस राई, मुर्धे, मोर्वे ह्या गांवांपलीकडे डोंगरी, पाली, चौक, उत्तनपर्यंत गेलेली समुद्राकांठची पट्टी. चिमाजी अप्पांच्या वसईच्या मोहिमेंत ज्या धारावीसाठीं झुंजी झाल्या ती धारावी ह्याच पट्टींतली. १९८५ सालीं येथील ग्रामपंचायती एकत्र करून नगरपरिषद झाली आणि २००२ सालीं महानगरपालिका. त्यापूर्वीं येथें शहर असें नव्हतेंच. भाताचीं खाचरें, खाजणें, मिठागरें, कोळीवाडे आणि नारळ-भाजीपाल्याच्या वाड्या एवढेंच होतें. येथें राहणारा आगरी, कोळी किंवा ख्रिस्ती शेतकरी घरीं निजे. त्याचें काम मात्र घराबाहेर, बांधावर, आगरावर किंवा वाडींत चाले. दिवसाच्या दोन्ही टोंकांस, झुंजुमुंजु असतांना आणि तिन्हीसांजेनंतर, त्याला त्या खोपीचा आश्रय लागे. उजेडाची गरज घरांत जेवढी, तेवढीच किंबहुना अधिक येथें होती. घरांत निदान चुलीचा उजेड असतो.

ह्या किनाऱ्यावर जुन्या काळीं दिव्याला तेल जळे तें नारळाचें, करंजाचें आणि उंडीचें. उंडीचें तेल जेवणांत चालत नाहीं, म्हणून तें दिव्याच्या वांट्याला आलें. त्याचा धूर व दर्प सोसूनच लोक त्याच्या उजेडांत वावरत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत अमेरिकेचें, रशियाचें व पुढें ब्रह्मदेशाचें खनिज तेल डब्यांतून येऊं लागलें आणि हीं देशी तेलें दिव्यांतून उठलीं. ह्या नव्या तेलाला आपल्या लोकांनीं दोन नांवें दिलीं. एक रॉकेल, म्हणजे ‘रॉक ऑइल’. आणि दुसरें घासलेट, म्हणजे ‘गॅसलाइट’. मुंबईच्या रस्त्यांवर गॅसचे दिवे १८६५ त लागले. भाईंदरच्या मिठागरावरील खोपींत गॅसची नळी कधींच गेली नाहीं, पण गॅसलाइट तेथें नांवानें तरी पोहोंचला, हा भाषेनें केलेला एक न्यायच म्हणावयाचा!

ह्या तेलाबरोबर कंदील आला. वाऱ्यांत न विझणारा, दांडीला धरून हातांत घेऊन चालतां येईल असा तो वादळी कंदील म्हणजे शेतकऱ्याच्या इतिहासांतील मोठी सोय होय, असें आमचें मत आहे. पहिल्यानें तो अमेरिकेचा व जर्मनीचा असे. पुढें, १९१६ त कऱ्हाडजवळ निघालेल्या ओगले काचकारखान्यानें ‘प्रभाकर’ कंदील काढला आणि महाराष्ट्रांत तो घरोघर झाला. कंदिलाची काच रोज पुसावी लागते, वात कापावी लागते, काजळी धरते, तेल महाग होतें. हे सर्व दोष खरे. तरी त्याच्या अंगीं एक गुण असा होता कीं जो विजेच्या दिव्यांत आजतागायत आलेला नाहीं. कंदील माणसाबरोबर चालतो. घरापासून खोपीपर्यंतची वाट, बांधाची कड, रहाटाची वाट, विहिरीचा कांठ, ह्या सर्वांवर तो पुढें पाऊल टाकण्यापुरता उजेड पाडतो. फुरसें किंवा मण्यार खोपींत बसून राहत नाहीं. तें वाटेवरच भेटतें. विजेचा दिवा आला आणि छपराला टांगला गेला, तेव्हां खोप उजळली, पण वाट काळोखांतच राहिली. ह्या गोष्टीकडे विजेच्या प्रशस्तिकारांचें लक्ष फारसें गेलेलें दिसत नाहीं.

आतां वीज बागेंत प्रथम कोणासाठीं आली, हें पाहूं. ह्याचें उत्तर मोठें मौजेचें आहे. १८८० सालीं इंग्लंडांत टनब्रिज वेल्सजवळ आपल्या शेरवुड नांवाच्या बंगल्याच्या बागेंत सर विल्यम सीमेन्स ह्या प्रसिद्ध यंत्रशास्त्रज्ञानें वाफेच्या इंजिनावर जनित्र चालवून कांचगृहांत कमानी दिवा लाविला. उद्देश असा कीं, रात्रींही प्रकाश मिळाल्यास झाडें जलद वाढतात कीं काय हें पाहावें. झाडें खरोखरच अधिक जोमानें वाढलीं. मात्र उघड्या कमानीचा प्रकाश पानांना बाधतो आणि मध्यें काचेचें आवरण घातलें तर तसा बाधत नाहीं, हेंही त्याच्या ध्यानांत आलें. दिवसाच्या लांबीप्रमाणें झाडें फुलतात किंवा फुलणें लांबवितात, हा नियम पुढें १९२० त गार्नर व अलार्ड ह्या दोघां अमेरिकनांनीं मांडला. आणि सांप्रत शेवंतीचे बागाइतदार फूल हवें तेव्हां यावें म्हणून रात्रीं झाडांवर दिवे लावितात तें ह्याच तत्त्वावर. तात्पर्य, बागेंतला पहिला विजेचा दिवा लागला तो कलिंगडाच्या जातीच्या वेलींसाठीं व स्ट्रॉबेरीसाठीं लागला, माळ्यासाठीं नव्हे. ह्यांत सीमेन्सचा दोष आम्ही काढीत नाहीं. पण बागेंतली वीज दुसऱ्याच कोणासाठीं तरी येते आणि बागेंत राबणाऱ्याला तिचा उजेड ओघानें मिळाला तर मिळतो, हा जो क्रम येथें दिसला तो आपल्याकडेही फार काळ चालला, म्हणून ही हकीकत सांगितली.

भाईंदरवर वीज आली ती आगगाडीसाठीं. बी. बी. अँड सी. आय. रेल्वेच्या कुलाबा ते बोरिवली ह्या भागावर विजेच्या गाड्या १९२८ च्या जानेवारींत सुरू झाल्या, आणि १९३६ त हें विद्युतीकरण खाडी ओलांडून विरारपर्यंत गेलें. म्हणजे त्या वर्षापासून मिठागरांच्या बांधांवरून, भाईंदर स्टेशनावरून आणि पाणजू बेटाच्या दोन्ही अंगांच्या पुलांवरून विजेची तार अखंड जात होती. ती १,५०० व्होल्टांची एकदिश वीज होती. रुळांवरच्या इंजिनाखेरीज ती कोणाच्याही उपयोगाची नव्हती. तिला फांटा काढून एखाद्या खोपींत दिवा लावणें म्हणजे मृत्यूला बोलावणेंच. (मुंबईच्या ह्या मार्गावरील ती एकदिश वीज २०१२ त पूर्णपणें जाऊन तिच्या जागीं २५,००० व्होल्टांची प्रत्यावर्ती वीज आली.) संध्याकाळच्या गाडीच्या खिडक्यांतील उजेडाच्या चौकटी मिठागराच्या पाण्यावर पडत आणि क्षणांत पुढें जात. आगरावरच्या माणसाच्या वांट्याला विजेचा उजेड जो आला तो असा, दर गाडीमागें कांहीं क्षण.

घरगुती विजेचा संबंध दुसऱ्या एका कंपनीशीं होता. १९२९ सालीं बॉम्बे सबर्बन इलेक्ट्रिक सप्लाय कंपनी स्थापन झाली आणि मुंबईच्या उपनगरांना वीज देण्याचें काम तिनें हातीं घेतलें. तिचा पश्चिमेकडील मुलूख पुढें वांद्र्यापासून भाईंदरपर्यंत पसरला. मालकी दोनदां पालटली, २०१८ पासून ती अदानींकडे आहे; पण खाडीच्या अलीकडे खाजगी कंपनीची वीज आणि पलीकडे वसईस सरकारी मंडळाची, ही सरहद्द मात्र टिकून आहे. पेशवे आणि पोर्तुगीज ह्यांच्यांतली सरहद्द मोडली, ही मोडली नाहीं.

घरांत वीज घेतल्यावर ती खोपीपर्यंत न्यावयाची कशी? काम दिसतें सोपें. परंतु जुन्या पद्धतीनें तें किती कौशल्याचें होतें हें आजच्या पिढीला कळावयाचें नाहीं. त्या काळची तार म्हणजे तांब्याच्या कांडीवर गंधकानें पक्कें केलेलें रबर आणि त्यावर सुताची वीण. घरांत ती सागवानी केसिंगच्या खांचांतून नेऊन वर लांकडी पट्टी ठोकीत. ज्याला तेवढा खर्च झेपत नसे तो चिनी मातीच्या क्लीटांवरून उघडीच नेई. बाहेर मात्र दोनच मार्ग होते. एक, घराच्या भिंतीला लोखंडी कंस, मध्यें एखादा खांब, त्यांवर चिनी मातीचे इन्सुलेटर, आणि खोपीपर्यंत अधांतरी तार. दुसरा, शिशाचें वेष्टण असलेली केबल जमिनींत गाडून वर विटांची ओळ, म्हणजे कुदळीचा घाव पडण्यापूर्वीं विटेवर वाजावा. नारळाच्या वाडींत अधांतरी तार ही केव्हां नारळानें आणि केव्हां झावळीनें तुटावयाचीच; म्हणून जाणता वायरमन तेथें खालचा मार्ग धरी. पण भाजीच्या वाफ्यांत दर हंगामाला कुदळ चालते, तेथें वरचा बरा. खाऱ्या वाऱ्यानें लोखंडी स्क्रू वर्षादोनवर्षांत भुरभुरतात, म्हणून जेथें परवडे तेथें पितळी. खोपीच्या दाराशीं मेन स्विच. आणि दिव्याचें बटण सजीव तारेवर घातलेलें असावें, परतीच्या तारेवर नव्हे. हा शेवटचा नियम वरवर क्षुल्लक वाटतो. बटण परतीच्या तारेवर घातलें तरी दिवा विझतोच. फक्त विझलेल्या दिव्याच्या होल्डरमध्यें वीज तशीच उभी राहते आणि दिवा बदलावयास हात घालणाराची वाट पाहत बसते.

कायदा ह्या बाबतींत कडकच होता. १९१० चा वीज कायदा आणि त्याखालील नियम, विशेषतः १९५६ चे, ह्यांनीं असें ठरवून दिलें कीं दिवा, पंखा, फ्यूज किंवा बटण बदलण्यापलीकडचें काम परवानाधारक ठेकेदारानेंच करावें. प्रत्यक्षांत काय होई तें सर्वांना माहीत आहे. घरचें काम परवानेवाल्याकडून होई, कारण त्याच्या दाखल्यावांचून कंपनी वीज जोडीत नसे. खोपीचें काम मात्र घराचा मीटर बसून चार महिने लोटल्यावर कोणा भाच्या-पुतण्याकडून होई. घरांतून उरलेली तार, जुना होल्डर, आणि जोडावर कापडी चिकटपट्टी. खोप म्हणजे घरांतून निवृत्त झालेल्या वस्तूंचें विश्रामस्थान. बाज मोडकी, खुर्ची तीन पायांची, तसाच दिवाही उतारू.

आणि हें तर सर्व घरांत जी जागा अत्यंत धोक्याची, तेथेंच! जमीन ओली, पाय अनवाणी, हातांत लोखंडी अवजार, भिंत कुडाची, छप्पर पत्र्याचें. फ्यूज आहे, मग भय कसलें, असें पुष्कळ सुशिक्षितही म्हणत आणि अद्याप म्हणतात. फ्यूज तारेचें रक्षण करतो, माणसाचें नाहीं. पांच अँपिअरचा फ्यूज वितळण्यास पांच अँपिअरहून अधिक प्रवाह लागतो. माणसाला मारण्यास त्याचा शंभरावा भागही पुरेसा होऊं शकतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या चार्लस डॅल्झील ह्या प्राध्यापकानें स्वेच्छेनें पुढें आलेल्या माणसांवर प्रयोग करून असें दाखविलें कीं, हातांत धरलेली तार आपण होऊन सोडतां येण्याची मर्यादा पुरुषांत सरासरी १६ मिलिअँपिअर व स्त्रियांत साडेदहाच्या आसपास असते. त्यापुढें मूठ आवळलेली ती आवळलेलीच राहते. ह्याच डॅल्झीलनें १९६१ त एक युक्ति काढली. जाणाऱ्या तारेंतला प्रवाह आणि परतणाऱ्या तारेंतला प्रवाह ह्यांचा मेळ एक लहानसें यंत्र सतत पाहत असतें. जितका गेला तितका परत आला नाहीं, म्हणजे कोठें तरी तो जमिनींत, कदाचित् कोणाच्या देहांतून, झिरपला असें समजून तें क्षणाच्या अंशांत वीज तोडतें. आतां बहुतेक ठिकाणीं हें यंत्र ३० मिलिअँपिअरच्या फरकावर तोडणारें असतें.

खोपीला ह्या यंत्राची गरज दिवाणखान्यापेक्षां दसपट, हें सांगावयास विद्वान नको. परंतु आमच्या नियमांत ही तरतूद आली तेव्हां ती पांच किलोवॅट व त्यावरील भाराच्या मांडणीला लागू झाली. लहान घरगुती मांडणी वगळली गेली. मर्यादा पुढें खालीं आणली गेली हें खरें. तरी मूळ दृष्टि कोणती होती तें ह्यांत उघड होतें. ज्याच्याकडे वीज फार, त्याला संरक्षण आवश्यक. ज्याच्याकडे एकच दिवा, त्याचें काय होणार आहे? विजेच्या हिशेबांत असें मानणें सोईचें असेल, पण देहाच्या हिशेबांत तें चुकीचें आहे. चाळीस वॅटच्या दिव्याच्या तारेंतले २३० व्होल्ट आणि गिरणींतल्या पंख्याच्या तारेंतले २३० व्होल्ट ह्यांत मृत्यूला फरक दिसत नाहीं.

आतां खाडीपलीकडचा आणि एकंदर महाराष्ट्राचा प्रकार पाहूं. तेथें गोष्ट उलट घडली. मिरा-भाईंदरकडे वीज घरांतून खोपीकडे गेली. मावळांत आणि देशावर ती कित्येकदां खोपींतच आधीं आली, कारण ती पंपासाठीं आली. रहाट आणि मोट जाऊन तेथें प्रथम तेलाचें इंजिन आलें व मागाहून विजेची मोटार. किर्लोस्करवाडीच्या कारखान्यानें १९२६ त पंप बनविण्यास आरंभ केला होता. राज्याचें वीज मंडळ १९६० त झालें, कोयनेची वीज १९६२ पासून मिळूं लागली, १९६९ त ग्रामीण विद्युतीकरणासाठीं केंद्र सरकारनें स्वतंत्र महामंडळ काढलें. खांब शेतांतून गांवाकडे सरकले. सरकारी व्याख्याही तशीच होती. १९९७ पर्यंत एखाद्या गांवाच्या महसुली हद्दींत कोणत्याही कामासाठीं वीज वापरली जात असली कीं तें गांव ‘विद्युतीकरण झालेलें’ म्हणून मोजलें जाई. एका बागाइतदाराच्या विहिरीवरची एक मोटार गुरगुरली कीं सगळें गांव उजळलें, निदान दप्तरांत! त्यानंतर वस्तीच्या भागांत वीज असली पाहिजे असें ठरलें, आणि २००४ पासून निदान शेंकडा दहा घरांत व शाळा, पंचायत, दवाखाना अशा सार्वजनिक जागीं ती असली पाहिजे असें. शेंकडा नव्वद घरें काळोखांत राहूनही गांव प्रकाशित ठरूं शके, हा त्या सुधारणेचा अर्थ.

ह्या पंपाच्या खोपींत दिव्याला कायदेशीर स्थान कोणतें? राज्याच्या वीज नियामक आयोगाच्या दरपत्रकांत शेतीपंपाच्या वर्गाखालीं एक ओळ आढळते: पंपाच्या मोटारीबरोबर, त्याच जोडणीवर, खोलीसाठीं चाळीस वॅटपर्यंतचा एक दिवा चालेल. अब्जावधि रुपयांचा हिशेब ज्या पानांवर चालतो, त्यांच्या कोपऱ्यांत ही ओळ आहे. आमच्या ह्या सबंध हकीकतींत खोपींतल्या दिव्याचा प्रत्यक्ष नांवानें उल्लेख करणारा असा हा एवढाच सरकारी शब्द आम्हांस ठाऊक आहे, आणि तो वाचून आम्हांस आनंद झाला हें लपविण्यांत अर्थ नाहीं. कोणी तरी टेबलाशीं बसून, रात्रीं पंपाजवळ मनुष्य उभा असतो आणि त्याला दिसलें पाहिजे, एवढा विचार केला होता.

पण येथेंही दिवा पंपाचा आश्रित. पंपाची वीज आली कीं तो लागतो, गेली कीं जातो. शेतीच्या वाहिन्या गांवठाणाच्या वाहिन्यांपासून वेगळ्या झाल्यावर गांवांतल्या घरांना वीज अधिक वेळ मिळूं लागली. शेताला मात्र पाळीपाळीनें, कांहीं दिवस दिवसा आठ तास आणि कांहीं दिवस रात्रीं दहा तास. रात्रीची पाळी असली म्हणजे शेतकऱ्याला वीज येण्याच्या आधीं खोपींत जाऊन थांबावें लागतें, म्हणजे दिवा लागण्याच्या आधींची वाट काळोखांतूनच चालावी लागते. दिवसा वीज द्या, ही महाराष्ट्रांतील शेतकऱ्यांची जी मागणी आहे तिच्यामागें पिकाच्या पाण्याइतकीच ही वाटही आहे. २०१७ पासून सूर्याच्या उन्हावर शेतीच्या वाहिन्या चालविण्याची योजना सरकारनें हातीं घेतली. उन्हाची वीज दिवसाच निर्माण होते, तेव्हां ह्या एका गोष्टींत तरी निसर्ग शेतकऱ्याच्या बाजूस आहे.

पुन्हां भाईंदरकडे येऊं. २००१ च्या शिरगणतींत ह्या शहराची वस्ती सुमारें ५ लाख २० हजार होती. २०११ त ती ८ लाख ९ हजारांवर गेली. जेथें खाचरें होतीं तेथें सात-सात मजल्यांच्या आणि पुढें त्याहून उंच इमारती उभ्या राहिल्या. वीज आतां मुबलक आहे. खोप कमी होत चालली आहे. ज्या काळांत दिवा स्वस्त, टिकाऊ आणि निर्धोक झाला त्याच काळांत वाडी आकसली, हा योग चमत्कारिक खरा. राई-मुर्ध्याकडे आणि उत्तनच्या पट्टींत अद्याप वाड्या आहेत. तेथल्या खोपींसाठीं बाजारांत आतां काय मिळतें पाहा: नऊ वॅटचा एलईडी दिवा, जुन्या चाळीस वॅटच्या दिव्याहून दुपटीनें उजेड देणारा, अंधार पडला कीं आपण होऊन लागणारा आणि उजाडलें कीं विझणारा, आणि ज्याला तारच नको त्याला छपरावर तळहाताएवढा सौर पत्रा. हा शेवटचा दिवा खुंटीवरून काढून हातांत घेतां येतो. म्हणजे दीडशें वर्षांचा फेरा घालून वीज अखेर कंदिलाच्या गुणापाशीं आली आणि वाटेवर उजेड पडला.

आपोआप विझणाऱ्या दिव्यानें एक शब्द मात्र बेकार केला आहे. आपल्याकडे दिवा ‘विझव’ म्हणत नसत. ‘मालव’ किंवा ‘निरोप दे’ म्हणत. विजेच्या दिव्याशीं हा शब्द कसाबसा टिकला होता. पुष्कळ घरांत अद्यापि संध्याकाळीं बटण दाबल्यावर हात जोडले जातात. खोपींतल्या दिव्याला मात्र हात कोणी जोडले असतील असें वाटत नाहीं. हातांत तेव्हां बादली असते.

राहतां राहिली जमिनींत गाडलेली तार, जिला वायरमन अर्थिंग म्हणतो. सदोष वीज माणसांतून न जातां मातींत जावी म्हणून खोपीच्या मेन स्विचपासून एक जाड तार खालीं खड्ड्यांत नेतात. माती कोरडी असेल तर वीज तींत सहज शिरत नाहीं. म्हणून देशभर वायरमन त्या खड्ड्यांत नळीभोवतीं कोळसा आणि मीठ ह्यांचे थर घालतात. कोळसा ओल धरतो, मीठ ती ओल वीजवाहक करतें. भाईंदरच्या आगरांतलें मीठ अशा रीतीनें किती दूरदूरच्या खड्ड्यांत गेलें असेल! खुद्द येथें मात्र मीठ विकत आणावें लागत नाहीं. खाजणाची माती मुळांतच खारी, आणि वीज तींत निमूटपणें उतरते. तोटा एवढाच कीं तेंच मीठ लोखंडी नळीला आंतून-बाहेरून खातें. वरून तार नीट दिसते आणि खालीं नळी नाहींशी झालेली असते. म्हणून खाडीकांठच्या वाडींत हा खड्डा दोन-तीन वर्षांनीं उघडून पाहावा लागतो, नळी तांब्याची असली तर उत्तम, आणि उघडावयाचा तो वैशाखांत, जमीन तापून तडकलेली असतांना. तेव्हांच प्रवाह उतरतो कीं नाहीं हें मोजावयाचें. मृग लागल्यावर मोजण्यांत अर्थ नाहीं. तेव्हां सगळीच जमीन ओली असते.